जुने वीजमीटर : त्याची चाल, त्याचे दोष आणि त्याची बदली

खेड्यातील जुन्या घरांत, शहरातील चाळींच्या जिन्याखाली आणि वर्षातून एक-दोनदाच उघडल्या जाणाऱ्या कोकणातील घरांच्या पडवीत अजूनही क्वचित एक काळी पेटी दृष्टीस पडते. लाकडी फळीवर बसविलेल्या या पेटीला समोर काचेची लहान खिडकी असते आणि त्या खिडकीतून, कडेवर रंगाची खूण असलेली ॲल्युमिनियमची एक चकती आडवी फिरताना दिसते. दोन-तीन पिढ्यांनी विजेचे बिल या चकतीच्या भरवशावर भरले. आता बहुतेक घरांतून तिची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली आहे. जेथे ती शिल्लक आहे, तेथे मात्र तिच्याविषयी दोन समजुती ठाम आहेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते जुने मीटर गुणी. नवे आले की बिल वाढलेच म्हणून समजावे. वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना जुने मीटर दिसले की ते मंद चालत असणार, कदाचित कोणी मंद केलेही असेल, असा संशय येतो.

दोन्ही समजुतींत तथ्याचा अंश आहे आणि त्यामुळेच हा विषय नीट समजून घेण्याजोगा आहे. मीटर केवळ सदोष ठरले तर कायद्याने हिशेबाची दुरुस्ती काही महिन्यांपुरती मर्यादित ठेवली आहे. तेच मीटर छेडछाड केलेले ठरले तर मागील बारा महिन्यांची आकारणी दुप्पट दराने होऊ शकते आणि प्रकरण फौजदारी न्यायालयापर्यंतही जाऊ शकते. कित्येकदा या दोहोंतील अंतर गंजलेल्या तारेचा एक तुकडा आणि वेळेवर लिहिलेला एक अर्ज एवढेच असते.

चकती का फिरते?

विजेची विक्री सुरू झाली त्या काळात ती मोजावी कशी हाच मोठा प्रश्न होता. एडिसनच्या कंपनीने प्रारंभी जस्ताच्या पट्ट्या रासायनिक द्रवात बुडवून ठेवल्या व महिन्याअखेर त्यांचे वजन करून ग्राहकाला बिल दिले. ग्राहकाला त्यातून काहीच वाचता येत नसे; दुकानदाराने तराजू आतल्या खोलीत ठेवावा तसा तो प्रकार होता. पुढे १८८५ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व दाखवून दिले आणि १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील अभियंते ओटो ब्लाथी यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी चकतीचे मीटर सिद्ध केले. आपल्या घरांतील काळी पेटी याच कुळातील आहे.

पेटीच्या आत दोन वेटोळी असतात. एक बारीक तारेचे असून ते विजेच्या दाबाशी जोडलेले असते. दुसरे जाड तारेचे, त्यातून घरात जाणारा सर्व प्रवाह वाहतो. दोहोंच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे मधल्या चकतीत भोवरे प्रवाह निर्माण होतात व चकतीला फिरण्याचा जोर मिळतो. हा जोर त्या क्षणी वापरल्या जाणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात असतो. चकती बेलगाम धावू नये म्हणून तिच्या कडेला एक कायमचा लोहचुंबक बसवितात. तो तिचा ब्रेक होय. जोर आणि ब्रेक यांचा समतोल साधला की चकतीचा वेग वापराच्या नेमक्या प्रमाणात राहतो. तिचे फेरे दातेरी चाकांमार्फत आकड्यांपर्यंत पोचतात. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट झाले. त्या एका युनिटला चकतीचे किती फेरे व्हावयाचे, हा आकडा मीटरच्या दर्शनी पट्टीवर छापलेला असतो. काही मीटरांवर तो ६०० असतो, काहींवर १२००. बिल तपासू इच्छिणाऱ्या ग्राहकाने हा आकडा प्रथम टिपून ठेवावा.

म्हातारपणाचे दोष

कोणतेही फिरणारे यंत्र झिजते. चकतीचा उभा आस खाली एका कठीण रत्नाच्या वाटीत टेकलेला असतो. वर्षानुवर्षांच्या फिरण्याने टोक बोथट होते, वंगण सुकते, धूळ साचते, कोळ्यांची जाळी आत शिरतात. घर्षण वाढले की चकती मंद होते. ही मंदी सर्व वापरांवर सारखी पडत नाही. गिझर किंवा इस्त्री चालू असताना चकतीला मिळणारा जोर इतका मोठा असतो की थोडेसे घर्षण त्यापुढे नगण्य ठरते. एखादाच दिवा चालू असला की मात्र तेच घर्षण वरचढ होते आणि चकती जागची हलत नाही. जुने मीटर मंद असते ते मुख्यतः असे, लहान वापराच्या बाबतीत.

उलट दिशेचा दोषही असतो, पण त्याची चर्चा कोणी करीत नाही. ब्रेकचे काम करणारा चुंबक कालांतराने किंवा वीज कोसळून आलेल्या मोठ्या लाटेने क्षीण झाला तर चकती वाजवीपेक्षा जलद पळू लागते. ब्रेकचा जोर चुंबकीय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने चुंबक दोन टक्क्यांनी क्षीण झाला की वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. जुने मीटर ग्राहकाच्या फायद्याचेच असते, या समजुतीला येथे तडा जातो. वीस-पंचवीस वर्षे कोणी तपासलेच नाही असे मीटर कोणत्या बाजूला कलले आहे, हे पाहून सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत तातडीची आहे. जुनी मीटरे चार दिवे व दोन पंख्यांच्या घरासाठी बसविलेली असत. मीटरवर ‘२.५–१० अ’ असे छापलेले असेल तर त्याची कमाल क्षमता १० ॲम्पिअर आहे. दोन किलोवॅटचा गिझर एकटाच सुमारे पावणेनऊ ॲम्पिअर प्रवाह घेतो. त्याच्या जोडीला दीड टनाचे वातानुकूलन यंत्र लागले की बेरीज पंधरा ॲम्पिअरच्या आसपास जाते. अशा वेळी मीटरच्या खालच्या बाजूची जोडणी तापते, बेकेलाइट करपते, वास येतो. त्या खाली लाकडी फळी असते हे विसरता कामा नये. मीटरजवळ करपल्याचा वास येत असेल, गुणगुण वाढली असेल किंवा तारांचे आवरण काळवंडले असेल तर मोठी उपकरणे तत्काळ बंद करावीत व वीज कंपनीस कळवावे. मीटरच्या आधीच्या तारांना खासगी वायरमननेही हात लावू नये. घरातील वापर वाढलेला असेल तर मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्जही त्याच वेळी द्यावा.

नवे मीटर ‘पळते’ का?

आता त्या सार्वत्रिक तक्रारीकडे वळू. मीटर बदलले आणि वापर तोच असताना युनिट वाढले, असे सांगणारे सर्व ग्राहक खोटे बोलत नाहीत; आणि त्यांची नवी मीटरेही सर्व सदोष नसतात.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसल्याने घर्षणाचा प्रश्न उद्भवत नाही. पाच ॲम्पिअर मूळ प्रवाहाचे नवे मीटर चार-पाच वॅटच्या वापराचीही नोंद घेऊ लागते. जुने मीटर नवे असताना तेही सहा वॅटच्या आसपास हलू लागे. झिजल्यानंतर ते कदाचित पंचवीस-तीस वॅटपर्यंत स्वस्थ बसून राहील. दरम्यान घरांतील वापराचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी रात्री दिवे मालवले की घर खरोखरीच बंद होई. आज दूरचित्रवाणी संचाचा लाल ठिपका, सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर, भिंतीत तसेच राहिलेले चार्जर, देवघरातील छोटा एलईडी दिवा हे सारे अष्टौप्रहर जागे असतात. समजा, यांची बेरीज वीस वॅट आहे. चोवीस तास आणि तीस दिवस या हिशेबाने महिन्याला १४.४ युनिट होतात. झिजलेल्या चकतीने ते कधीच मोजले नव्हते. नवे मीटर पहिल्या दिवसापासून मोजते. महावितरणच्या घरगुती दररचनेत १०० युनिटांपर्यंत एक टप्पा व त्यापुढे ३०० पर्यंत दुसरा, चढ्या दराचा टप्पा आहे. नव्वद युनिटांचे घर या वाढीने १०४ वर गेले की वरच्या चार युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो. वाढ लहान असली तरी डोळ्यांत भरते ती यामुळे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि त्याची माहिती ग्राहकांना सहसा दिली जात नाही. चकतीच्या मीटरमध्ये प्रवाहाचे वेटोळे केवळ फेजच्या तारेवर असे. आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह पाहते आणि दोहोंत जो अधिक असेल तो हिशेबात धरते. वीजचोरीचा एक जुना मार्ग बंद करण्यासाठी ही योजना झाली. परंतु तिचा फटका निष्पाप घरांनाही बसतो. दोन भावांनी वडिलोपार्जित घर वाटून घेतले, मीटर स्वतंत्र केले, पण आतील वायरिंग पूर्वीचेच राहिले, असे आपल्याकडे सर्रास घडते. अशा घरात थोरल्याच्या खोलीतील पंख्याची न्यूट्रल तार धाकट्याच्या बाजूने परत जाते. थोरल्याच्या फेजमधून ५ ॲम्पिअर व धाकट्याच्या फेजमधून २ ॲम्पिअर प्रवाह जात आहे, असे धरू. दोन ॲम्पिअर चुकीच्या वाटेने परतल्यामुळे थोरल्याच्या न्यूट्रलमध्ये ३ व धाकट्याच्या न्यूट्रलमध्ये ४ ॲम्पिअर राहतात. नवी मीटरे अधिक असलेला आकडा उचलतात, म्हणजे थोरल्याचे ५ व धाकट्याचे ४. खरा एकूण वापर सातचा आणि मोजणी नवाची झाली. धाकट्याच्या माथी दुप्पट बिल आले. भावाने वीज चोरली असा संशय घरातच उत्पन्न झाला तरी नवल नाही!

या दोषाची खूण मीटरवरच असते. बहुतेक मीटरांवर ‘अर्थ’ किंवा तत्सम नावाचा एक लहान दिवा असतो. फेज व न्यूट्रल यांत तफावत पडली की तो लागतो. तो सतत लागलेला दिसला तर दोन घरांची न्यूट्रल मिसळली आहे किंवा कोठेतरी वीज जमिनीत झिरपत आहे, असे समजावे. झिरपणारी वीज ओलसर भिंतीत वा पाण्याच्या मोटारीत असेल तर ती बिलापेक्षा जिवाला अधिक धोकादायक. परवानाधारक वायरमनकडून दोन्ही घरांची वायरिंग वेगळी करून घ्यावी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. मीटर बदलण्यापूर्वीच ही तपासणी करून घेतल्यास पुढील पुष्कळ मनस्ताप टळतो.

घरच्या घरी पडताळणी

मीटर न उघडता, त्याला हातही न लावता ग्राहकाला दोन गोष्टी पाहता येतात. पहिली म्हणजे मीटरनंतरचा मुख्य स्विच बंद करून पंधरा मिनिटे चकतीकडे पाहणे. ती थोडी सरकून थांबली तर हरकत नाही. तिने पूर्ण फेरा केला तर एकतर मीटरमध्ये दोष आहे किंवा मुख्य स्विचच्या आधीच कोणीतरी जोडणी घेतली आहे. मुख्य स्विच चालू, पण घरातील प्रत्येक दिव्याचे व उपकरणाचे बटण बंद असताना चकती फिरू लागली तर दोष वायरिंगमधील गळतीचा असण्याचा संभव अधिक.

दुसरी पडताळणी ठरावीक भाराची. यासाठी इस्त्री निरुपयोगी, कारण ती तापली की आपोआप बंद होते व पुन्हा चालू होते. पाणी तापविण्याचा एक हजार वॅटचा रॉड बरा. तो आधी पाण्यात बुडवावा, मगच बटण दाबावे आणि चालू असताना पाण्याला स्पर्श करू नये. घरातील बाकी सर्व बंद ठेवावे. मीटरवर ६०० फेऱ्यांचा आकडा असेल तर सहा सेकंदांना एक, म्हणजे वीस फेऱ्यांना १२० सेकंद लागावयास हवेत. इलेक्ट्रॉनिक मीटरवर चकतीऐवजी लुकलुकणारा लाल दिवा असतो. त्यावर ३२०० असे छापले असेल तर मिनिटाला सुमारे ५३ वेळा तो लुकलुकेल.

येथे एक सावधगिरी हवी. रॉडवर छापलेले हजार वॅट ठरावीक दाबाला खरे असतात. २३० व्होल्टसाठीच्या रॉडला सायंकाळी २१५ व्होल्टच मिळाले तर तो सुमारे ८७४ वॅटच घेतो, आणि अगदी अचूक मीटरवरही वीस फेऱ्यांना १३७ सेकंद लागतात. तेव्हा दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. फरक निम्म्याचा किंवा दीडपटीचा दिसला तर मात्र अर्ज करण्यास भक्कम कारण मिळते. अंतिम निर्णय अर्थातच वीज कंपनीच्या प्रमाणित उपकरणाने, ज्याला कर्मचारी ‘ॲक्युचेक’ म्हणतात, किंवा चाचणी प्रयोगशाळेतच होतो.

चकती अडकली की पेटीवर टिचकी किंवा थाप मारण्याची सवय अनेक घरांत असते. ती सोडावी. काच तडकली, झाकण हलले, तर त्याचा अर्थ पुढे तपासनीस काय लावील, हे ग्राहकाच्या हाती राहत नाही.

कायदा काय सांगतो

वीज अचूक मीटरद्वारेच पुरविली पाहिजे, हे बंधन विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने वितरण कंपनीवर घातले आहे. त्यापूर्वीच्या भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये तीन टक्क्यांपर्यंतची चूक क्षम्य होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००६ मध्ये मीटरविषयक विनियम केले. त्यांनुसार ग्राहकाचे मीटर फिरत्या भागाचे नसून इलेक्ट्रॉनिक असले पाहिजे, घरगुती दाबाच्या मीटरची अचूकता १.० वर्गाची किंवा त्याहून सरस असली पाहिजे आणि ग्राहकाचे मीटर पाच वर्षांतून किमान एकदा जागेवर तपासले गेले पाहिजे. या अटींत न बसणारे मीटर कंपनीने स्वतः होऊन किंवा ग्राहकाच्या विनंतीवरून बदलावयाचे आहे. याचा अर्थ असा की चकतीचे मीटर आपल्या घरी अजून असणे, हा ग्राहकाचा अपराध नव्हे. ते बदलण्याची जबाबदारी प्रथम कंपनीची आहे.

मीटर सदोष निघाले तर बिलाचे काय? राज्यात यासंबंधी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची वीजपुरवठा संहिता लागू आहे. २००५ च्या संहितेत असलेली तरतूद २०२१ च्या विनियमांतही कायम आहे. चाचणीच्या निष्कर्षानुसार बिलात जी दुरुस्ती करावयाची ती वाद उपस्थित झालेल्या महिन्यापूर्वीच्या अधिकाधिक तीन महिन्यांपुरतीच करता येते. मीटर पूर्ण बंद पडले असेल तरीही तीन महिन्यांचीच कमाल मर्यादा आहे आणि आकारणी त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरी वापरावरून होते. ‘तुमचे मीटर चार वर्षे मंद होते, फरक भरा’ असे कोणी सांगू लागले तर ग्राहकाने चाचणी अहवाल मागावा व या मर्यादेकडे लेखी लक्ष वेधावे.

ही मर्यादा छेडछाडीच्या प्रकरणाला लागू नाही. मोडलेल्या किंवा तुटलेल्या सीलचे मीटर मिळाले तर ते सदोष आहे की त्यात हस्तक्षेप झाला आहे, याची तपासणी होते. हस्तक्षेप ठरल्यास कलम १२६ खाली वापराचा कालावधी निश्चित करता आला नाही तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची आकारणी, संबंधित दराच्या दुप्पट दराने होते. त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते, परंतु आकारलेल्या रकमेचा अर्धा भाग आधी भरावा लागतो. कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा नोंदविला गेला तर तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. ग्राहक तक्रार निवारण मंचाला या दोन्ही कलमांखालील प्रकरणे ऐकता येत नाहीत. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला निम्मी रक्कम भरून अपील करणे किती शक्य असते, याचा विचार कोणीही करावा.

जुन्या मीटरांवरील सील शिशाचे, बारीक तारेत ओवलेले असे. समुद्रकाठच्या दमट हवेत ती तार गंजते. घर रंगविताना, फळी बदलताना धक्का लागून तुटते. कधी उंदीर कारणीभूत होतो. तुटलेले सील तपासणी पथकाला आधी दिसले की खुलाशाची जबाबदारी ग्राहकावर येते. तेच ग्राहकाने आधी पाहून कळविले असेल तर गोष्ट वेगळी होते. म्हणून महिन्यातून एकदा, आकडे टिपतानाच, सील व काच पाहावी. काही वेगळे आढळल्यास त्याच दिवशी ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, दिनांक आणि दिसलेली स्थिती नमूद करून साधा अर्ज लिहावा व त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मीटर जुने आहे, ते बदलून मिळावे, ही विनंती त्याच अर्जात करावी. दूरध्वनीवरून तक्रार नोंदविली तर तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. मात्र लेखी अर्जाचे बळ निराळेच.

पुष्कळ घरांत वीजजोडणी अजून दिवंगत आजोबांच्या नावावर असते. बिल भरले जाते, त्यामुळे कोणाला अडचण वाटत नाही. तपासणीची नोटीस किंवा वाद उद्भवला की मात्र अर्ज कोणाच्या सहीचा, हा प्रश्न येतो. नावात बदल शांततेच्या काळात करून घेणे सोयीचे.

बदलीचा दिवस

मीटर बदलण्याचे काम वीस मिनिटांत उरकते, आणि पुढील वर्षभराच्या वादाचे मूळही पुष्कळदा त्याच वीस मिनिटांत रोवले जाते. कर्मचारी येतात तेव्हा घरात कोणीतरी जाणते माणूस असावे. आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहावे. जुने मीटर काढण्यापूर्वी त्याचा क्रमांक, अखेरचे आकडे आणि सील एकाच छायाचित्रात येतील असे छायाचित्र घ्यावे. आज बहुतेक घरांत त्यासाठी मोबाइल आहे. आकडे वाचताना शेवटचा लाल आकडा युनिटाचा दशांश दाखवितो, तो पूर्ण युनिट म्हणून धरू नये. पाच आकडी मीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, हेही ध्यानात असू द्यावे. मागील नोंद ९९९४० व आताची ०००३५ असेल तर वापर ९५ युनिटांचा झाला. दशकानुदशके चाललेल्या मीटरांच्या बाबतीत येथे चुका होतात.

कर्मचारी जो ‘मीटर बदली अहवाल’ भरतात त्यात जुन्या मीटरची अखेरची नोंद, नव्याची आरंभीची नोंद, दोन्हींचे क्रमांक, सीलचे क्रमांक आणि बदलीचे कारण असावयास हवे. कारणाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘जुने मीटर, नियमित बदली’ आणि ‘मीटर संशयास्पद’ या दोन शब्दप्रयोगांत ग्राहकाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या अहवालावर सही करू नये. न पटणारा मजकूर असेल तर सहीच्या वर तसे नमूद करावे. अहवालाची प्रत मागून घ्यावी.

पुढील दोन बिले काळजीपूर्वक तपासावीत. बिलावर नव्या मीटरचा क्रमांक आला आहे काय, जुन्या मीटरचे उरलेले युनिट एकदाच धरले आहेत काय, हे पाहावे. चालू नोंदीच्या जागी आकड्याऐवजी मीटर सदोष असल्याचा किंवा घर बंद असल्याचा शेरा येऊन सरासरी बिल येत असेल तर स्वस्थ बसू नये. केंद्र शासनाच्या विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० नुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक तात्पुरती बिले देणे, मीटरपर्यंत पोचताच न येण्याची परिस्थिती वगळता, कंपनीस अनुज्ञेय नाही.

नवे मीटर वापराशी जुळत नाही अशी तक्रार असल्यास याच नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली सुधारणा ग्राहकाच्या उपयोगाची आहे. तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरे मीटर जोडून द्यावयाचे आहे आणि किमान तीन महिने दोहोंच्या नोंदी ताडून पाहावयाच्या आहेत. वाद मिटविण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नाही, कारण येथे दोन मीटर एकमेकांशेजारी बसून एकच वापर मोजतात आणि ग्राहक रोज दोन्ही आकडे वाचू शकतो.

आता बसविली जाणारी मीटरे पुष्कळ ठिकाणी ‘स्मार्ट’ असतात. ती आकडे दूरसंदेशाने पाठवितात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद ठेवतात. सर्वसामान्य घरगुती ग्राहकांसाठी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविले जाणार नाहीत, असे राज्य शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर महावितरणने वापरानंतर बिल देणारी मीटरे बसविण्यास प्रारंभ केला. अशा मीटरवर नोंदल्या गेलेल्या कमाल मागणीवरून ते बसविण्यापूर्वीच्या काळासाठी दंड आकारता येत नाही, अशी तरतूद २०२३ च्या सुधारणेने केली आहे. छतावर सौर पॅनेल बसविणाऱ्या कुटुंबाला तर दोन्ही दिशांचा हिशेब ठेवणारे नेट मीटर घ्यावेच लागते.

दाद मागण्याची पायरी

स्थानिक कार्यालयाने लेखी तक्रारीची दखल घेतली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास आदेशापासून साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे निवेदन करता येते. राज्यात मुंबई व नागपूर येथे लोकपालांची कार्यालये आहेत. वकील लावणे आवश्यक नाही. अर्जासोबत जोडावयाचे कागद म्हणजे वादग्रस्त बिल, त्यामागील वर्षभराची बिले, चाचणी मागितल्याच्या अर्जाची पोच, चाचणी अहवाल आणि मीटर बदली अहवाल. ज्याने बदलीच्या दिवशी छायाचित्र घेतले आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला वहीत आकडे लिहून ठेवले, त्याच्याकडे यांखेरीज सांगण्यासारखा पुरावा असतो. मीटरखाली खिळ्याला अडकविलेली अशी वही काही घरांत पूर्वीपासून आहे. वापराची नोंद घेण्यासाठी तीत चार रकाने पुरतात : दिनांक, आकडे, मागील नोंदीपासूनचा फरक आणि सीलची स्थिती.